सव्वा कोटींचा प्रश्न आणि दोन शब्दांची नोंद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लिखित मजकूर. माझे मधले 'अं' आणि 'म्हणजे' शक्य तितके काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा भाग एका पावतीमुळे झाला. दिवाळीआधी गावी घर आवरायला गेलो होतो. माळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. ट्रंकेत जुने दाखले, जमिनीचे कागद, आणि एका कापडी पिशवीत आयुर्विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या. त्यातली एक १९५७ सालची. रक्कम इतकी किरकोळ की आज तेवढ्यात वडापावही येणार नाही. मी हसलो, तर आजी म्हणाली, "हसू नको. तेवढ्यात तेव्हा आठवड्याचा बाजार व्हायचा. घरात डाळ नसली तरी चालेल, पण हप्ता चुकवायचे नाहीत तुझे आजोबा."

सवयीने फोन काढला आणि शोधलं की १९५७ मध्ये एलआयसीत काय चाललं होतं. पहिलंच नाव आलं मुंध्रा. आणि पुढचे दोन तास मी ट्रंक तशीच उघडी टाकून वाचत बसलो. कारण ज्या वर्षी माझे आजोबा डाळ वाचवून हप्ता भरत होते, त्याच वर्षी त्या पैशांतले सव्वा कोटी रुपये कुणीतरी भलतीकडेच लावले होते. आणि ते पोलिसांनी पकडलं नव्हतं, ऑडिटनेही नाही. पकडलं होतं लोकसभेत उभं राहून प्रश्न विचारणाऱ्या खासदारांनी.

आपण खासदार-आमदार म्हटलं की काय आठवतो? रस्ता, गटार, शिफारसपत्र, लग्नातली हजेरी. पण आपण त्यांना निवडून देतो ते कायदे करायला आणि सरकारवर लक्ष ठेवायला. या दुसऱ्या कामाची गोष्ट आज सांगायची आहे. त्यात पुन्हा दोन भाग. पैसा गेल्यावर विचारायचं की कुठे गेला. आणि पैसा ज्याच्या हातात द्यायचा त्याच्याबद्दल आधीच विचारायचं की हा माणूस योग्य आहे का. आधी पहिला भाग.

थोडं मागे जाऊ. १९५६ पर्यंत आपल्याकडे आयुर्विमा खासगी कंपन्यांच्या हातात होता. छोट्या-मोठ्या मिळून २४५ संस्था. लोक हप्ते भरायचे आणि काही कंपन्यांचे मालक तो पैसा आपल्याच दुसऱ्या धंद्यांत फिरवायचे. डिसेंबर १९५५ मध्ये लोकसभेत एका खासदाराने यावर आकडेवारीसकट भाषण केलं. रोख होता दालमिया उद्योगसमूहाच्या विमा कंपनीवर. खासदाराचं नाव फिरोज गांधी. पुढे त्या प्रकरणात रामकृष्ण दालमियांना तुरुंगवास झाला.

त्यानंतर महिना-दीड महिन्यात, १९ जानेवारी १९५६ ला, सरकारने आयुर्विमा ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं. ही घोषणा करणारे अर्थमंत्री म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यात जन्मलेले सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली. तोवर देशमुख मंत्रिमंडळात राहिले नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर, संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने, त्यांनी राजीनामा दिला होता. त्यांच्या जागी आले टी. टी. कृष्णमाचारी.

म्हणजे बघा, खासगी मालक लोकांच्या पैशाशी खेळतात म्हणून तो पैसा सरकारकडे आला. आता सरकारच खेळलं तर? या प्रश्नाला उत्तर मिळायला एक वर्षही लागलं नाही.

हरिदास मुंध्रा हा कलकत्त्याचा उद्योगपती. खरं तर सट्टेबाज. कर्ज काढून कंपन्या विकत घ्यायच्या, त्यांच्या शेअर्सवर आणखी कर्ज काढायचं आणि पुढची कंपनी घ्यायची. १९५७ च्या उन्हाळ्यात हा मनोरा हलायला लागला. त्याला रोख पैसा हवा होता. जूनमध्ये मुंबईत अर्थखात्याचे प्रमुख सचिव एच. एम. पटेल, एलआयसीचे वरिष्ठ अधिकारी आणि मुंध्रा यांच्यात बोलणी झाली. आणि जून संपायच्या आत एलआयसीने मुंध्राच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर्स थेट त्याच्याकडून विकत घेतले. त्यात आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास होती, कलकत्त्याची जेसप होती, कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन होती.

आजच्या सव्वा कोटीत मुंबईत टू बीएचके मिळायची मारामार, पण १९५७ च्या सव्वा कोटीला तसं बघू नका. एलआयसी सुरू करताना सरकारने घातलेलं सगळं भांडवलच पाच कोटी होतं.

गोम अशी की एलआयसीची एक गुंतवणूक समिती होती. कुठे पैसा घालावा हे बघण्यासाठीच ती होती. या व्यवहारात तिला आधी विचारलंच नाही. सौदा झाला, मग कळवलं.

आता हे बाहेर आलं कसं?

सप्टेंबर १९५७ मध्ये राम सुभग सिंह या खासदाराने लोकसभेत विचारलं की एलआयसीने मुंध्राच्या कंपन्यांत पैसे घातलेत का. उत्तर मोघम मिळालं. सरकारी उत्तर कसं असतं तुम्हाला माहीत आहे. आपण कस्टमर केअरला फोन केल्यावर "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे" असं ऐकू येतं ना, तसंच. नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा प्रश्न आला. पुन्हा समाधान नाही. मग १६ डिसेंबर १९५७ ला फिरोज गांधींनी थेट चर्चाच घडवून आणली.

त्या भाषणाची सुरुवात प्रसिद्ध आहे. आपल्या मनात बंड उठलंय म्हणून आपण बोलायला उभे आहोत, आणि इतक्या मोठ्या गोष्टी घडत असताना गप्प राहणं हा गुन्हा ठरतो, अशा अर्थाचं ते बोलले. पण मला आवडला तो त्यानंतरचा भाग. एलआयसी ही या संसदेने निर्माण केलेली सगळ्यात मोठी आणि ताकदवान वित्तसंस्था आहे, तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवणं हे संसदेचंच काम आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आणि मग आकडे. कुठला शेअर कधी घेतला, त्या वेळी बाजारात भाव काय होता, एलआयसीने काय भाव दिला. काही शेअर्सना बाजारभावापेक्षा जास्त पैसे मोजले होते.

सरकारची बाजू अशी होती की कलकत्त्याचा शेअर बाजार कोसळू नये म्हणून ही खरेदी केली. ऐकायला बरं वाटतं. पण बाजार सावरायचा तर बाजारात जाऊन खरेदी करायला हवी होती. एकाच माणसाकडून, थेट, त्यालाच पैशांची निकड असताना गठ्ठ्याने शेअर्स घेतले, तर सावरतो तो माणूस.

आता गंमत ऐका. फिरोज गांधी विरोधी पक्षातले नव्हते. ते काँग्रेसचेच, रायबरेलीचे खासदार. राम सुभग सिंहही काँग्रेसचेच. आणि फिरोज गांधींचे सासरे कोण? पंतप्रधान जवाहरलाल नेहरू. जावई सासऱ्यांच्या सरकारला भर सभागृहात उभं करतोय. आपल्याकडे दिवाळसणाला जावई रुसला तरी घरात चर्चा होते, इथे तर अख्खा देश बघत होता.

नेहरूंनी चौकशी आयोग नेमला, एका न्यायाधीशाचा. न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. जानेवारी १९५८ मध्ये नेमणूक, १० फेब्रुवारीला अहवाल. जेमतेम महिनाभर! आज एखाद्या आयोगाला मुदतवाढ मिळाल्याची बातमी वाचताना हा आकडा आठवून बघा. सुनावणी उघड्यावर, सगळ्यांसमोर झाली. मुंबईत इतकी गर्दी व्हायला लागली की बाहेरच्या लोकांना ऐकू जावं म्हणून लाउडस्पीकर लावावे लागले. अर्थखात्याचे सचिव, एलआयसीचे अध्यक्ष, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, स्वतः अर्थमंत्री, सगळ्यांच्या साक्षी झाल्या. तेव्हा टीव्ही नव्हता, तर लोक रस्त्यावर उभं राहून आपल्या पैशाचा हिशोब ऐकत होते. माझे आजोबा तिथे नव्हते, ते शाळेत पाढे घेत असणार. पण त्यांच्या वतीने कुणीतरी ऐकत होतं.

छागलांनी निष्कर्ष काढला की सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच आहे, 'मला माहीत नव्हतं' म्हणून मंत्र्याला हात झटकता येणार नाहीत. कृष्णमाचारींनी फेब्रुवारीतच राजीनामा दिला. मुंध्रा तुरुंगात गेला.

इथे सिनेमा संपतो, खरा इतिहास मात्र पुढे चालू राहतो. कृष्णमाचारी काही वर्षांत मंत्रिमंडळात परत आले, १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. ज्या सचिवांवर ठपका आला ते एच. एम. पटेल १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारात स्वतःच अर्थमंत्री झाले. म्हणजे खासदाराच्या प्रश्नाने कुणाचं कायमचं काही बिघडलं असं नाही. प्रश्नाचं काम शिक्षा देणं हे नव्हतंच. ते काम कोर्टाचं आणि मतदाराचं. प्रश्नाचं काम होतं, उत्तर नोंदीवर आणायचं. सरकारला एकदा सभागृहात काही लेखी-तोंडी सांगावं लागलं की ते उत्तर तपासता येतं, खोटं असेल तर पकडता येतं. मोघम उत्तरालाही किंमत असते, कारण ते मोघम होतं हे कागदावर उरतं.

आणि ही नोंद लोकांपर्यंत पोहोचली पाहिजे, हेही फिरोज गांधींनी आधीच ओळखलं होतं. तेव्हा अडचण अशी होती की खासदाराला सभागृहात काहीही बोलायचं संरक्षण, पण तेच वर्तमानपत्राने छापलं तर त्याच्यावर बदनामीचा खटला होऊ शकत होता. त्यांनी खासगी विधेयक आणलं आणि १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. संसदेच्या कामकाजाचा खरा वृत्तांत, कुठलाही आकस न ठेवता छापला, तर छापणाऱ्याला संरक्षण. मुंध्रा प्रकरणाच्या एक वर्ष आधी!

फिरोज गांधी सप्टेंबर १९६० मध्ये गेले, अठ्ठेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर असताना. पुढे आणीबाणी आली आणि १९७६ मध्ये हा कायदा रद्द झाला. तेव्हा पंतप्रधान होत्या त्यांच्या पत्नी, इंदिरा गांधी. १९७७ मध्ये सरकार बदललं आणि कायदा परत आला. यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच विचार करा.

आता दुसरा भाग. पैसा गेल्यावर विचारणं झालं. पण माणूस नेमायच्या आधीच विचारलं तर?

इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. आमच्याकडे कुणीही लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासून 'अप्रूव्ह' म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. शुक्रवारची संध्याकाळ, मित्राचा बदल आला, तो म्हणाला, "छोटंसं आहे रे, कर ना पटकन." मी वर-खाली स्क्रोल केलं आणि अप्रूव्ह दाबलं. रात्री सिस्टिम बसली. सोमवारी मीटिंगमध्ये सगळ्यांना वाटलं मित्राची चूक. पण स्क्रीनवर त्याच्या नावाखाली माझं नाव होतं. तपासणारा मी होतो. मी न वाचता सही केली होती.

सार्वजनिक पदांवर माणूस नेमताना हे कोण तपासतं? हा प्रश्न संविधान लिहिणाऱ्यांना पडला होता. जून १९४९ मध्ये संविधान सभेत निवडणूक आयोगावर चर्चा चालू होती. शिब्बनलाल सक्सेना या सदस्याने सुचवलं की मुख्य निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताची मान्यता असावी. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ जूनला उत्तर देताना प्रश्न टोलवला नाही. ते म्हणाले की मुद्दा खरा आहे. पद कितीही सुरक्षित केलं तरी त्यावर एखादा मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस बसू नये याची सोय कुठे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अमेरिकेत अशा नेमणुकांना सिनेटची संमती लागते, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी नेमणूक राष्ट्रपतींनी करावी, संसदेने कायदा केला तर त्याच्या अधीन राहून, अशी तरतूद झाली. म्हणजे प्रश्न पुढच्या पिढ्यांकडे सोपवला.

पुढच्या पिढ्यांनी काय केलं? १९६२ मध्ये संसदेत भ्रष्टाचारावर इतकी टीका झाली की गृहमंत्री लाल बहादूर शास्त्रींनी एक समिती नेमली. अध्यक्ष खासदार के. संथानम, सोबत इतर खासदार आणि अधिकारी. या समितीच्या शिफारशीवरून फेब्रुवारी १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. केंद्राच्या खात्यांतल्या भ्रष्टाचारावर नजर ठेवणारी संस्था. पण तिच्या प्रमुखाला नेमणार कोण? सरकारच. म्हणजे वर्गातल्या खोडकर मुलानेच मॉनिटर निवडायचा.

डिसेंबर १९९७ मध्ये जैन हवाला प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे बदलायला लावलं. दक्षता आयुक्ताची निवड तिघांची समिती करेल: पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेतला विरोधी पक्षनेता. २००३ मध्ये संसदेने कायदा करून हे पक्कं केलं. बंद खोलीत का होईना, पण नेमणुकीच्या आधी सरकारबाहेरचा एक लोकप्रतिनिधी टेबलावर आला.

आता ३ सप्टेंबर २०१०. टेबलावर पंतप्रधान मनमोहन सिंग, गृहमंत्री पी. चिदंबरम आणि विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज. तीन नावं समोर होती. सरकारचा कल पी. जे. थॉमस यांच्याकडे. ते केरळ केडरचे सनदी अधिकारी. केरळमध्ये १९९१-९२ मध्ये पामोलिन तेलाची आयात झाली होती, हो, तेच रेशनवर मिळायचं ते पामोलिन. ती चढ्या भावाने झाल्याचा आरोप होता आणि त्या खटल्यात, तेव्हा अन्न व नागरी पुरवठा सचिव असलेल्या थॉमस यांचं नाव आरोपी म्हणून होतं. आरोप सिद्ध झालेला नव्हता, हे स्पष्ट सांगतो. सुषमा स्वराजांचा आक्षेप एवढाच की भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या पदावर, स्वतःवर असा खटला चालू असलेला माणूस नको. बाकीच्या दोन नावांपैकी कुणालाही घ्या.

दोन विरुद्ध एक. त्या हरणार हे उघडच होतं. त्यांनी फाइलवर इंग्रजीत दोन शब्द लिहिले: "आय डिसॅग्री." मी असहमत आहे. चार दिवसांत थॉमस यांचा शपथविधी झाला.

हे वाचताना मला माझा शुक्रवार आठवला. तिघांत आपण एकटे, निकाल ठरलेला, समोर पंतप्रधान. अशा वेळी "जाऊ दे ना" म्हणणं किती सोपं असतं! पण तसं म्हटलं असतं तर कागदावर उरलं असतं 'एकमताने'. मग नंतर कुणी काय विचारणार?

त्या दोन शब्दांमुळे बंद खोलीतली गोष्ट बंद राहिली नाही. नेमणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. ३ मार्च २०११ ला निकाल आला, मुख्य न्यायाधीश होते मुंबईचेच एस. एच. कपाडिया. न्यायालयाला फाइलींमध्ये एक महत्त्वाची गोष्ट सापडली. केंद्राच्या कार्मिक खात्यात २००० ते २००४ या काळात थॉमस यांच्यावर खातेनिहाय कारवाई सुचवणाऱ्या नोंदी होत्या. आणि त्या निवड समितीपुढे ठेवल्याच गेल्या नव्हत्या! न्यायालयाने नेमणूक रद्द केली. ते म्हणालं की थॉमस दोषी आहेत की नाही हा आमच्यापुढचा प्रश्न नाही. या माणसाच्या नेमणुकीने त्या संस्थेची विश्वासार्हता टिकते का, हे समितीने बघायला हवं होतं. पंतप्रधानांनी नंतर संसदेत जबाबदारी स्वीकारली.

या निकालातला एक भाग बातम्यांत मागे पडला, पण माझ्या मते तो सगळ्यात कामाचा आहे. विरोधी पक्षनेत्याला नकाराधिकार मिळाला नाही. न्यायालय म्हणालं, बहुमताने निवड चालेल. पण समितीतला एखादा सदस्य असहमत असेल तर त्याने कारणं लिहावीत, आणि बहुमताला ती कारणं पटली नाहीत तर का पटली नाहीत, हे त्यांनीही लिहावं. म्हणजे "आय डिसॅग्री" एवढं पुरेसं नाही, आणि "आम्ही दोघं आहोत, तू एकटी आहेस" एवढंही पुरेसं नाही. दोघांनीही कारण लिहा. माझ्यासारख्या न वाचता अप्रूव्ह दाबणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला नियम नाही.

आता तुमच्यातले काही जण म्हणत असतील, अरे, हे सगळं साधू-संतांसारखं सांगतोयस. लोकप्रतिनिधी असे असतात का? बरोबर. म्हणून दुसरी बाजूही सांगतो, आणि तीही आपल्या घराजवळची आहे.

१९५१ मध्ये, पहिली लोकसभा अजून निवडून यायची होती, तेव्हा हंगामी संसदेत मुंबईचे एच. जी. मुदगल नावाचे सदस्य होते. मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या सोयीचे प्रश्न संसदेत विचारायचे, असा त्यांच्यावर आरोप आला. संसदेने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष कोण? टी. टी. कृष्णमाचारी! हो, तेच. दुसऱ्याच्या वर्तनाचा न्याय करणारा माणूस सहा-सात वर्षांत स्वतःच चौकशीसमोर उभा होता. समितीने मुदगल यांना दोषी धरलं, आणि हकालपट्टीच्या ठरावावर मतदान व्हायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. २००५ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. पैसे घेऊन प्रश्न विचारायला तयार झालेले खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि २३ डिसेंबरला दोन्ही सभागृहांतून मिळून ११ जणांना काढून टाकलं. त्यातले दोघे आपल्या जळगाव जिल्ह्यातून निवडून गेलेले होते.

म्हणजे प्रश्न हे हत्यार आहे, आणि ते भाड्यानेही मिळतं. मुंध्रा प्रकरणातल्या प्रश्नाने सव्वा कोटी उघडे पडले, मुदगल यांच्या प्रश्नाने कुणाचा तरी धंदा सुकर होणार होता. सभागृहात दोन्ही प्रश्न दिसायला सारखेच. फरक ओळखायचा तर प्रश्न कुणी विचारला, कुणाच्या फायद्याचा, उत्तर काय आलं, हे कुणीतरी वाचायला हवं.

आणि तो कुणीतरी म्हणजे आपण. मला हे म्हणायला जड जातं, कारण मी स्वतः माझ्या आमदाराने सभागृहात काय विचारलं हे आयुष्यात पहिल्यांदा या भागाच्या तयारीत बघितलं. त्याच्या वाढदिवसाचा बॅनर मात्र मी दरवर्षी बघतो, आमच्या बसस्टॉपवरच लागतो.

वरच्या नेमणुकांचा प्रश्नही अजून मिटलेला नाही. बाबासाहेबांनी १९४९ मध्ये ज्या पदाबद्दल काळजी व्यक्त केली, त्या निवडणूक आयुक्तांसाठी निवड समितीचा कायदा व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश अशी समिती सांगितली होती. संसदेच्या कायद्यात सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री आला. म्हणजे पुन्हा दोन विरुद्ध एक. हे योग्य की अयोग्य यावर वाद चालू राहील. पण उद्या कुठल्याही पक्षाचं सरकार असो आणि त्या तिसऱ्या खुर्चीवर कुणीही बसो, त्या माणसाकडून माझी एकच अपेक्षा आहे: सही करण्याआधी वाच, आणि पटलं नाही तर कारणासकट लिहून ठेव. हरलास तरी चालेल.

तुमच्यासाठी या वेळचा गृहपाठ छोटा आहे. जुन्या लोकसभेच्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट वाचता येतात. १६ डिसेंबर १९५७ ची चर्चा काढा आणि पाच पानं वाचा. मग आपल्या खासदाराने गेल्या अधिवेशनात कुठले प्रश्न विचारले ते बघा. चांगला सापडला तर मला पाठवा, वाईट सापडला तर नक्की पाठवा.

ट्रंकेचं काय झालं, असं विचाराल. आजीने सगळ्या पावत्या पुन्हा त्याच कापडी पिशवीत बांधल्या. मी म्हटलं, आजी, आता याचा काय उपयोग, पॉलिसी कधीच संपली. ती म्हणाली, "पैसे भरल्याचा कागद आहे तो. कागद ठेवायचा असतो."

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत वाचल्याशिवाय कशावरच अप्रूव्ह दाबू नका!